दावणीजवळचा माइक

म्हसवडच्या पुढे माळावर चारा छावणी पसरली आहे. हिरव्या नेटच्या सावल्या, उभ्या मेढी, दावणीला बांधलेली खिलार जनावरं. शेण, उसाचा चोथा आणि तापलेली धूळ, सगळ्याचा मिळून एकच वास. माझ्या गळ्यात हेडफोन आहे, हातात रेकॉर्डर. वारा सुटला की माइकवरच्या स्पंजातूनही घरघर येते, म्हणून वाऱ्याकडे पाठ करून चालते.

वजनकाट्यापाशी रांग आहे. ट्रॅक्टरमधून उसाच्या मोळ्या धप्प धप्प पडताहेत. मोठ्या जनावराला दिवसाला साधारण 15 किलो ओला चारा, लहानाला निम्मा. काट्याकडे डोळे लावून माणसं उभी आहेत. कुणीतरी ओरडतं, "आमची मोळी पुन्हा तोल की!" मी माइक पुढे करत नाही. इथं माइक दिसला की माणसं भाषण करतात.

टँकर येतो. बादल्या, हंडे, पिंपं, एकच कल्लोळ. मी खाली बसते आणि एका रिकाम्या बादलीच्या तोंडाशी माइक धरते. पाणी पडताना आधी पत्रा वाजतो, मग आवाज भरत जातो, जाड होतो. रेडिओवर एवढं ऐकवलं की टँकर आला हे वेगळं सांगावं लागत नाही.

पलीकडच्या दावणीशी एक आजी बैलाच्या अंगावरच्या गोचिडी काढतेय. मी शेजारी टेकते.

"आक्का, जेवला का?"

"जेवले की. पन आमचं काय ऐकनार पोरी तू?"

रेकॉर्डर मांडीवर आहे, चालू आहे, तिला सांगून ठेवलाय. बैलाची रवंथ ऐकू येते. बराच वेळ आम्ही दोघी गप्प. नवी पोरं इथंच घाई करतात, दुसरा प्रश्न टाकतात आणि येऊ घातलेलं बोलणं आत परततं.

"ह्याचा जोडीदार इकला," ती म्हणते.

किती आले, हे ओठावर येतं. मी विचारत नाही.

"त्याच पैशात ह्याला पेंड आनली." हात गोचिडी काढतोच आहे. मग तिचा लेक येतो बोलण्यात. तो गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या कामावर केरळात आहे, फोन करतो, पैसे मात्र धाडत नाही.

आमचं केंद्र सामुदायिक रेडिओचं, लहान. 2006 पासून सामाजिक संस्थांना अशी केंद्रं काढता येतात. ताकद 100 वॉटपर्यंत, त्यामुळे आवाज दहा-पंधरा किलोमीटरच पोचतो. स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगी नाही. पण या टापूत आजीचा आवाज ओळखणारी माणसं राहतात, आणि म्हणूनच जबाबदारी मोठी. शहरातल्या स्टुडिओत बसून परक्याची गोष्ट सांगणं त्यामानानं सोपं, असं मला वाटतं.

उठण्याआधी तिच्या पदरावरून हेडफोन लावते. ती डोळे मिटून ऐकते. स्वतःचा आवाज ऐकून लाजते, मग एकदम हात वर करते.

"लेकाचं काढ. गावात ऐकतील."

तिच्यासमोरच तेवढा भाग पुसते. उद्या सकाळच्या कार्यक्रमात तिची चार मिनिटं लागतील. त्यात बादली असेल, बैल असेल, पेंड असेल. लेक नसेल.