जागतिकीकरणाची मापे आणि कोठीची दोन शतके

जग एकमेकांशी किती जोडले गेले हे मोजण्याच्या पद्धती अनेक आहेत. हैदराबादच्या कोठी भागाला त्या लावून पाहिल्या की कोणती किती खोल जाते ते कळते.

सर्वांत भरवशाची कसोटी भावातल्या तफावतीची. बाजार खरोखर जोडले गेले, की किमती आणि व्याजदर जवळ येतात. लिव्हरपूल आणि शिकागो येथील गव्हाच्या भावातली तफावत 1870 मध्ये सुमारे 58 टक्के होती. 1913 पर्यंत ती 16 टक्क्यांच्या आसपास आली. कोठीत 1803 च्या सुमारास निजाम दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी कर्कपॅट्रिक याने आपले निवासस्थान, ब्रिटिश रेसिडेन्सी, बांधायला घेतली. भव्य खांबांची ती इमारत थेट युरोपीय घाटाची. पण तिच्याच छायेत 1814 साली उभी राहिलेली विल्यम पामरची पेढी निजाम सरकारला सुमारे 25 टक्के व्याजाने कर्ज देत होती. इमारतीचा घाट समुद्र ओलांडून आला, स्वस्त भांडवल आले नाही.

दुसरे माप म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाशी परदेश व्यापाराचे प्रमाण. भारतात ते 1990 मध्ये सुमारे 15 टक्के होते, 2012 मध्ये 55 टक्क्यांच्या आसपास पोहोचले. हे माप सरहद्दीवर अवलंबून असते, आणि सरहद्दी बदलतात. हैदराबाद संस्थानाची करोडगिरी म्हणजे सीमाशुल्क वेगळे, नाणेही वेगळे. संस्थानाच्या साधारण सात हाली रुपयांना इंग्रजी राज्यातले सहा कलदार रुपये मिळत. आजचा सुलतान बाजार म्हणजे जुना रेसिडेन्सी बाजार तर 1933 पर्यंत इंग्रजांच्या अखत्यारीत होता. मुंबईहून येणारा कापडाचा गठ्ठा तेव्हा संस्थानाची हद्द ओलांडत असे. आज तोच माल त्याच वाटेने आला तरी या हिशेबात धरला जात नाही.

तिसरे माप म्हणजे झुरिकच्या केओएफ या संशोधन संस्थेचा जागतिकीकरण निर्देशांक. तो 2002 मध्ये आला. आर्थिक, सामाजिक आणि राजकीय अशा तिन्ही अंगांनी मोजणारा, म्हणून मोलाचा. त्यात आयकिया या स्वीडिश फर्निचर कंपनीची दुकानेही मोजली जातात. भारतातले पहिले आयकिया 9 ऑगस्ट 2018 रोजी हैदराबादेतच उघडले, ते मोजणीत येते. कोठीच्या फुटपाथवर हातोहात फिरणारी परदेशी लेखकांची जुनी पाठ्यपुस्तके मात्र येत नाहीत, कारण दुसऱ्यांदा विकताना पुस्तक सरहद्द ओलांडत नाही. ज्ञानाचा प्रवास अशा मोजणीतून निसटतो, ही तिची मोठी उणीव. या निर्देशांकाच्या 2018 च्या सुधारणेत प्रत्यक्ष व्यवहार आणि त्यांना मोकळीक देणारे नियम वेगळे मोजले जाऊ लागले.

चौथे माप म्हणजे अर्थतज्ज्ञ पंकज घेमावत यांच्या पुढाकाराने 2011 पासून निघणारा डीएचएल या मालवाहतूक कंपनीचा निर्देशांक. तो व्यापार, भांडवल, माहिती आणि माणसे यांची ये-जा तपासतो. ती किती, आणि किती देशांशी, हे दोन्ही पाहतो. सरहद्दीपलीकडे काहीच जात नसेल तर शून्य आणि सरहद्दीने काही फरकच पडत नसेल तर शंभर, या मोजपट्टीवर 2022 मध्ये जग 25 वर होते.