दोन्ही पायांचा सव्यसाची आणि त्याची सावली

मेलबर्न क्रिकेट ग्राउंड म्हटलं की आपल्याला बॉक्सिंग डेची कसोटी आठवते. पण क्रिकेट आटोपलं की मार्च ते सप्टेंबर त्याच मैदानावर दुसऱ्याच खेळाचं राज्य असतं. तो म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल, तिथल्या माणसांच्या तोंडी नुसतं ‘फूटी’. गंमत अशी, की हा खेळ क्रिकेटच्याच घरात जन्मला. १८५८ साली टॉम विल्स या क्रिकेटपटूने पत्र लिहून सुचवलं, की हिवाळ्यात क्रिकेटपटूंचं अंग जड होऊ नये म्हणून फुटबॉलचा क्लब काढावा. पुढच्याच वर्षी मेलबर्नमध्ये खेळाचे नियम लिहिले गेले.

लेकीचं बिऱ्हाड मेलबर्नला असल्यामुळे आमचा मुक्काम अधूनमधून तिकडे असतो. नातू कॉलिंगवूड क्लबचा भक्त, त्यामुळे घरात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांखेरीज दुसरा रंग चालत नाही. त्याच्याबरोबर सामने बघता बघता निक डेकॉस या खेळाडूने मला धरून ठेवलं. आपल्या मंडळातल्या कितीतरी घरांतली मुलं आता तिकडे आहेत. पुढच्या वेळी नातवंडांनी मोबाइलवर सामना लावला तर काय बघायचं, हे कळावं म्हणून हा लेख.

आधी खेळ थोडक्यात. लंबगोल मैदान, अंडाकृती चेंडू, प्रत्येक संघाचे १८ खेळाडू. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथेने पार केला की गोल, म्हणजे ६ गुण. बाजूच्या फटीतून गेला तर १ गुण. चेंडू फेकता येत नाही. एकतर लाथ मारायची, नाहीतर एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसून द्यायचा. ज्याच्या हातात चेंडू आहे त्याला विरोधक मिठी घालून पाडू शकतो, तो टॅकल. मध्यावर पंचाने चेंडू वर उडवला की दोन उंच खेळाडू झेपावून तो खाली टोलवतात आणि तो उचलायला मिडफिल्डर तुटून पडतात. पुढे सामनाभर चेंडू जिकडे जाईल तिकडे धावायचं काम त्यांचंच. कुणी किती वेळा लाथेने वा मुठीने चेंडू पुढे दिला याची मोजदाद होते. ३० झाली की मिडफिल्डरचा दिवस चांगला गेला म्हणायचं.

निकचा जन्म जानेवारी २००३ चा. वडील पीटर डेकॉस हे मॅसेडोनियाहून आलेल्या कुटुंबातले आणि कॉलिंगवूडचं दैवत. २५० सामने, ५४९ गोल. मैदानाच्या अगदी कडेवरून, जिथून खांब धड दिसतही नाहीत, तिथून चेंडू वळवून गोल करण्यात त्यांचा हातखंडा होता. १९९० साली कॉलिंगवूडने ३२ वर्षांनी अजिंक्यपद मिळवलं, त्या संघात ते होते. आपल्याकडे गाण्यात घराणी असतात, तिथे क्लबच्या नियमातच घराणं आहे. वडील एखाद्या क्लबकडून १०० सामने खेळलेले असतील, तर मुलावर त्या क्लबला अग्रहक्क मिळतो. त्या नियमाने निक २०२१ च्या निवडीत चौथ्या क्रमांकावर कॉलिंगवूडकडे आला. थोरला भाऊ जॉश आधीच तिथे होता. निकच्या पाठीवर आकडाही वडिलांचाच, ३५.

घराण्याचं नाव पहिल्या दिवशी दार उघडून देतं, पुढची मैफल स्वतःलाच मारावी लागते. निकने ती मारली. पहिल्याच वर्षी, २०२२ मध्ये, तो सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरला. सुरुवातीला त्याला मागच्या फळीत खेळवलं, म्हणजे समोर मोकळं मैदान दिसावं. ॲडलेडविरुद्धच्या सामन्यात त्याने ४० वेळा चेंडू पुढे दिला आणि ३ गोलही केले, तेव्हा हा मुलगा मध्यावरच हवा हे सगळ्यांना कळून चुकलं.

त्याचं पहिलं बळ म्हणजे दोन्ही पाय. महाभारतात अर्जुनाला सव्यसाची म्हणतात, कारण तो दोन्ही हातांनी बाण सोडी. निक दोन्ही पायांचा सव्यसाची आहे. बहुतेक खेळाडूंना आवडत्या पायावर चेंडू आणण्यासाठी अर्धं पाऊल जास्त लागतं, आणि टॅकल करणारा त्या अर्ध्या पावलाचीच वाट बघत असतो. निकच्या बाबतीत कुठल्या बाजूने अडवायचं हेच त्याला ठरवता येत नाही.

दुसरं बळ हुलकावणी. खो-खोत चपळ गडी पाठलाग करणाऱ्याला खांद्याच्या एका झोक्याने चकवतो, तसं हे आहे. त्याचा वेग डोळे दिपवणारा नाही, पण गर्दीत शिरताना बाहेर कुठून पडायचं हे त्याने आधीच हेरलेलं असतं. तिसरं बळ दमसास. २० मिनिटांच्या चार डावांत, आणि वाया गेलेला वेळ वर धरून, तो पळतच असतो. चौथ्या डावात इतरांचे पाय जड झाले की याचा चेंडू जास्त नेमका पडतो.

आता उणी बाजू. निकची उंची सुमारे १८४ सेंटिमीटर, बांधा शिडशिडीत. चार-पाच धिप्पाड माणसं एकमेकांवर पडलेली असताना त्यांच्या पायांतून चेंडू ओढून काढणं हा त्याचा पिंड नाही. त्याला चेंडू हवा तो गर्दीच्या कडेला, हात मोकळे असताना. टॅकल करणाऱ्यांच्या यादीतही त्याचं नाव वर दिसत नाही. चेंडू विरोधकाकडे गेला की त्याच्यामागे जिवाच्या आकांताने पळणं त्याच्या खेळात मला कमी दिसतं.

इथूनच दुसरी अडचण निघते. मोकळ्या जागेवर जगणाऱ्याची जागाच काढून घ्यायची, हा विरोधी प्रशिक्षकांचा जुना डाव. एका खेळाडूला सांगायचं, आज चेंडू विसर, फक्त या माणसाला चिकट. त्याला तिथे टॅगर म्हणतात. आपण सावली म्हणू. ऑगस्ट २०२३ मध्ये हॉथॉर्नच्या फिन मॅगिनेसने हे काम इतकं चोख केलं, की निकच्या नावावर सामन्याअखेर फक्त ५ नोंदी होत्या. कॉलिंगवूड हरलं. त्याच सामन्यात निकच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि तो काही आठवडे बाहेर बसला.

परतला तो थेट उपांत्य सामन्यात. कॉलिंगवूडने तो एका गुणाने जिंकला. मग ३० सप्टेंबरला एक लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर ब्रिस्बेनला ९०–८६ असं हरवून अजिंक्यपद मिळवलं. विसावं सरलेल्या पोराने त्या दिवशी २९ वेळा चेंडू पुढे दिला.

तरी मला जास्त बोलका वाटतो तो ब्राउनलो पदकाचा हिशेब. प्रत्येक सामन्यात पंच तीन उत्तम खेळाडूंना ३, २, १ अशी मतं देतात आणि हंगामाअखेर बेरीज होते. २०२३ मध्ये निकला २८ मतं मिळाली, तो तिसरा आला. लॅकी नील ३१ मतांनी जिंकला. २०२४ मध्ये निकची ३८, पण पॅट्रिक क्रिप्सची ४५. २०२५ मध्ये निकची ३२, मॅट राउलची ३९. आता हे तीन विजेते कसे आहेत बघा. नील बुटका, पण गर्दीतून चेंडू उपसण्यात पटाईत. क्रिप्स १९५ सेंटिमीटरचा पहाड. राउल तर टॅकलसाठीच ओळखला जातो. तिन्ही वेळा निकच्या पुढे गेलेला माणूस ढिगाऱ्यात हात घालणारा निघाला. तीन वर्षांच्या पदकावरून सिद्धांत मांडू नये हे खरं, पण योगायोग म्हणून सोडूनही देववत नाही.

सावलीवर उपाय कॉलिंगवूडने शोधले आहेत. प्रशिक्षक क्रेग मॅक्रे त्याला कधी पुढे, कधी मागे पाठवतात, म्हणजे टॅगरला अनोळखी जागी जावं लागतं. सोबती मध्ये उभे राहून त्याची वाट मोकळी करतात. संघात स्कॉट पेंडलबरी आहे, ४०० हून अधिक सामने खेळलेला. गर्दीत घाई न करता कसं वावरायचं याचा पाठ रोज शेजारीच आहे. पण खरा उपाय निकच्याच हाती आहे. चेंडू मिळत नसेल त्या दिवशी आपण संघाच्या काय कामाचे, याचं उत्तर त्याला टॅकलमधून आणि मागे पळण्यातून द्यावं लागेल. सावली चिकटली म्हणून चेंडू कमी मिळेल. पण टॅकल करायला ती अडवू शकत नाही.

नातवाच्या मुलांच्या संघात प्रशिक्षक सामन्यानंतर गोल वाचून दाखवत नाहीत, टॅकल वाचून दाखवतात. पहिल्या काही आठवड्यांत पोरगा घुश्शात घरी यायचा. “मी दोन गोल केले, ते कुणी बोललंच नाही!” त्याच्या आईचा जीव तुटायचा, मला प्रशिक्षकाचं पटत होतं. ज्या मुलाला एक गोष्ट उपजत छान येते, त्याला आपण ती पुन्हा पुन्हा करायला लावतो, पाहुण्यांसमोर करून दाखवायला सांगतो. जे येत नाही त्यावर प्रेमापोटी पांघरूण घालतो. मग एक दिवस कुणीतरी नेमकी ती छान येणारी गोष्ट अडवतं, आणि मुलाच्या हातात दुसरं काहीच उरत नाही.

निक डेकॉसच्या हातात पुष्कळ उरलं आहे, वयही त्याच्या बाजूने आहे. म्हणून पुढचा सामना बघाल तेव्हा ३५ नंबरच्या हातात चेंडू आल्यावर टाळ्या वाजवाच. ते सगळेच वाजवतात. पण चेंडू दुसऱ्याकडे गेल्यावर तो काय करतो, तिकडेही डोळा ठेवा. त्याचं ब्राउनलो पदक बहुधा तिथेच कुठेतरी पडलेलं आहे.