वाळा

पावसाळ्याचे दिवस आहेत. रात्रभर जोराचा पाऊस पडला आहे. सकाळी न्हाणीघरातील मोरीजवळ तुम्हांला एक काळसर, चकचकीत, बारीक प्राणी वळवळताना दिसतो. ‘गांडूळ आहे,’ असे तुम्ही म्हणता. पण जरा थांबा. लांबूनच नीट पाहा. गांडूळ अंग आखडते, लांबवते आणि पुढे सरकते. हा प्राणी मात्र नागमोडी चालतो. मधूनच तो इवलीशी जीभ बाहेर काढतो. मुलांनो, हा साप आहे! त्याचे नाव वाळा.

वाळा हा आपल्याकडील सर्वांत लहान सापांपैकी एक आहे. त्याची लांबी सुमारे १५ सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या कंपासपेटीतील पट्टीएवढी असते. तो पेन्सिलीपेक्षाही बारीक असतो. त्याचे डोळे म्हणजे खवल्यांखालचे दोन काळे ठिपके. त्याला फक्त उजेड आणि अंधार कळतो. म्हणून त्याला ‘आंधळा साप’ असेही म्हणतात. त्याचे डोके व शेपटी सारखीच दिसते. शेपटीच्या टोकाला एक बारीक काटा असतो. तो मातीत रोवून वाळा पुढे सरकतो. या काट्यात विष नसते.

ओलसर, भुसभुशीत माती हे वाळ्याचे घर. दगडांखाली, पालापाचोळ्यात, बागेतील कुंडीखाली तो राहतो. मुंग्या आणि वाळवी यांची अंडी व अळ्या तो खातो. पावसाचे पाणी बिळात शिरले, की तो बाहेर येतो.

या सापाची आणखी एक गंमत आहे. या जातीत नर आढळत नाहीत, सगळ्या माद्याच! नराशिवायच मादी अंडी घालते आणि त्यांतून पिल्ले बाहेर येतात. त्यामुळे कुंडीतील मातीतून एकच मादी परदेशी गेली, तरी तिथे तिचा वंश वाढतो. अशा प्रकारे हा साप आफ्रिका, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातही पोहोचला आहे.

वाळा कानात शिरतो, असे काही लोक सांगतात आणि भीतीपोटी त्याला मारतात. पण वाळा बिनविषारी आहे. तो माणसाला काहीच इजा करत नाही. उलट, घराचे लाकूड पोखरणाऱ्या वाळवीची अंडी तो खातो.

मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. लहान दिसणारा प्रत्येक साप वाळाच असेल, असे नाही. मण्यार, नाग यांची पिल्लेही लहान असतात आणि ती जन्मापासूनच विषारी असतात. म्हणून कोणत्याही सापाला हात लावू नका. घरातील मोठ्या माणसांना बोलवा. आणि तो वाळा असेल, तर त्याला मारू नका. त्याच्या मातीत परत जाऊ द्या.