आजोबा रात्री येतात

घरातले वडीलधारे माणूस गेले की तेराव्यानंतर पाहुणे पांगतात. मग कधीतरी घरातले लहान मूल हळूच सांगते, 'काल रात्री आजोबा आले होते.' आई घाबरते. शेजारीण दृष्ट काढायला सांगते, कोणी अंगारा आणते, कोणी भगताचा पत्ता देते. एवढे सगळे करून झाले की मग दवाखान्याची आठवण होते!

पालकहो, हे वेडाचे लक्षण नाही आणि बाहेरची बाधाही नाही. वेल्समधील डॉ. डेवी रीस हे माझ्यासारखेच जनरल प्रॅक्टिशनर. आपल्या भागातल्या २९३ विधवा-विधुरांशी ते स्वतः बोलले आणि १९७१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांनी ती माहिती प्रसिद्ध केली. त्यातल्या जवळजवळ निम्म्यांना गेलेला जोडीदार जवळ असल्याचा भास होत असे. कोणाला तो दिसे, कोणाला आवाज ऐकू येई. पुष्कळांना त्याचा आधार वाटे, पण बहुतेकांनी हे कोणालाही सांगितले नव्हते. मोठी माणसे लपवतात, मुले बोलून दाखवतात, एवढाच फरक. वर्षानुवर्षे पहाटे आजोबांचे खोकणे ऐकायची सवय झालेला मेंदू ते एका दिवसात विसरत नाही. त्यातून अर्धवट झोपेत स्वप्न आणि जाग यांची सरमिसळ होते.

म्हणून मुलाला 'काही नाही, झोप' असे म्हणून गप्प करू नये. एकच प्रश्न विचारावा : 'आजोबा कशासाठी आले असतील, तुला काय वाटते?'

माझ्याकडे सात-आठ वर्षांच्या एका मुलाला पोटदुखीसाठी आणले होते. पोट मऊ होते, जंतांचे औषध आधीच देऊन झाले होते. आजोबांचा विषय निघाला तेव्हा हा प्रश्न मी त्याला विचारला. बराच वेळ तो टेबलावरच्या स्टेथोस्कोपशी खेळत राहिला. मग म्हणाला, 'चष्मा मागायला येतात. मी फोडला होता.' चष्मा फुटल्यावर चार दिवसांनी आजोबांना हृदयविकाराचा झटका आला होता. आपल्यामुळेच ते गेले, असा हिशेब या मुलाने मनाशी मांडला होता, आणि घरात कोणाला त्याचा पत्ताही नव्हता. त्याला हृदयाचे चित्र काढून दाखवले. रक्तवाहिनीत गुठळी कशी अडकते ते सांगितले. चष्म्याचा त्याच्याशी संबंध नाही, हे त्याने माझ्याकडून तीनदा वदवून घेतले.

लहान मुले असे हिशेब नेहमी मांडतात. मारिया नॅगी या मानसशास्त्रज्ञ बाईंनी हंगेरीतील बुडापेस्टच्या मुलांचा अभ्यास १९४८ साली प्रसिद्ध केला. साधारण पाच वर्षांपर्यंत मुलांना मरण म्हणजे प्रवास किंवा झोप वाटते. पाच ते नऊ या वयात मरण म्हणजे कोणीतरी माणूस, जो येऊन घेऊन जातो. नऊच्या पुढे ते सर्वांना येते हे कळू लागते. वयाची ही रेघ प्रत्येक मुलात थोडी पुढेमागे होते. पण 'आजोबा झोपलेत' असे सांगितले की मूल झोपायला घाबरते, आणि 'गावाला गेलेत' म्हटले की एसटी आली की दाराशी पळते. 'देवाघरी गेले' म्हणायला हरकत नाही, परंतु 'ते वारले, त्यांचे शरीर बंद पडले, ते परत येणार नाहीत' हेही सांगावे.

मग भुतांच्या गोष्टी बंद कराव्यात का? मला तसे वाटत नाही. २००८ सालचा 'भूतनाथ' चित्रपट पुष्कळांनी मुलांबरोबर पाहिला असेल. ऑस्कर वाइल्डच्या १८८७ सालच्या कथेवरून सुचलेला आहे. त्यातले भूत म्हणजे मुलगा परदेशी गेलेला एक एकटा बाप. बंकू नावाच्या पोराची त्याच्याशी गट्टी जमते आणि शेवटी राहिलेले श्राद्ध होते. अशा गोष्टीत भुताला काहीतरी हवे असते, ते मिळाले की ते शांत होते. दहाव्याला कावळा शिवेना की आपणही हात जोडून 'पोरांकडे बघू, काळजी करू नका' असे म्हणतोच की! मुले ते पाहत असतात. मात्र 'जेवला नाहीस तर आजोबांचे भूत येईल' असा धाक घालणे हा निव्वळ दुष्टपणा आहे.

रात्रीचे मात्र नीट ओळखावे. झोप लागल्यावर तासा-दीड तासात मूल किंचाळून उठते, डोळे उघडे पण आपल्याला ओळखत नाही, सकाळी काही आठवत नाही : ही झोपेतली दचक. अशा वेळी हलवून जागे करू नये, फक्त पडू देऊ नये. पहाटेकडे रडत उठून स्वप्न सांगते, ते वाईट स्वप्न. तेव्हा जवळ घ्यावे, ऐकावे.

पुन्हा अंथरूण ओले होऊ लागणे, आईचा पदर न सोडणे हे काही आठवडे चालते. पण महिना-दोन महिने उलटूनही मूल जेवत नसेल, वजन घटत असेल, खेळणे व शाळा सुटली असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. 'मलाही आजोबांकडे जायचे आहे' असे ते वारंवार म्हणू लागले, तर एक दिवसही थांबू नये. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते आणि तिथे मराठीत बोलता येते.