हैदराबादची तक्रार आणि राष्ट्रांची पंचायत

बिदर-कलबुर्गीच्या सरहद्दीवर ‘पोलीस ॲक्शन’ हा शब्द ठाऊक नाही असे घर विरळाच. परंतु त्याच आठवड्यात आपल्या मुलखाचा प्रश्न पॅरिसमध्येही निघाला होता, हे थोड्यांनाच माहीत असावे. आपले हे जिल्हे तेव्हा निजामाच्या राज्यात होते. निजाम सरकारने ऑगस्ट १९४८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे भारताविरुद्ध तक्रार केली. १३ सप्टेंबरला भारतीय सेना संस्थानात शिरली आणि १६ तारखेला परिषद पॅरिसला बसली. हैदराबाद हे मुळात राष्ट्र आहे काय, याचाच तेथे खल चालला असता १७ तारखेस इकडे शस्त्रे खाली ठेवली गेली! निजामाने तक्रार मागे घेतली. विषय मात्र परिषदेच्या यादीत कित्येक दशके तसाच राहिला.

ज्या मंडळास आपली यादीही आवरत नाही, ते स्वतःस काय सुधारणार, असे वाचक थट्टेने म्हणतील. पण ते एकदा घडले आहे. १७ डिसेंबर १९६३ रोजी आमसभेने परिषदेची सभासदसंख्या ११ वरून १५ करण्याचा ठराव संमत केला. पाच कायम सभासदांपैकी फक्त चीनने अनुकूल मत दिले. रशिया व फ्रान्स विरुद्ध गेले, अमेरिका व ब्रिटन तटस्थ राहिले. तथापि मसुदा लेखी होता, मतदान उघड होते आणि मान्यतेस १ सप्टेंबर १९६५ ही मुदत होती. आफ्रिका-आशियातील नव्या राष्ट्रांची एकी पाहून पाचांनीही अखेर मान्यता दिली आणि मुदतीच्या आदल्या दिवशी दुरुस्ती अंमलात आली.

त्यानंतरची कथा निराळी आहे. २००९ पासून या सुधारणेच्या वाटाघाटी चालू आहेत. पण सर्वमान्य मसुदा नाही, मतदान नाही, मुदतही नाही. बांधाचा तंटा मिटवावयास बसलेल्या पंचांपुढे मोजणीचा नकाशाच नसेल, तर जो तो आपलाच बांध खरा म्हणून घरी जातो. सर्वांची संमती हवी, हे म्हणणे ऐकावयास गोड. व्यवहारात मात्र ते अडवणाऱ्याच्या हाती कुलूप देते, असे आमचे मत आहे. सनदेस तर १९३ पैकी दोनतृतीयांश सभासदांची व पाचही कायम सभासदांची मान्यता पुरते.

सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्रांनी केलेल्या करारात एकत्रित आराखड्याचा उल्लेख आला आहे. त्यास तारीख मात्र नेमलेली नाही.