चाकांवरील जुना रंग उतरवताना…

मोटारीच्या चाकांवरील रंगाचे पापुद्रे सुटू लागले, की जुना थर पूर्ण उतरवूनच नवा रंग द्यावा. मात्र तत्पूर्वी चाक पोलादी आहे की अ‍ॅल्युमिनियमचे 'अ‍ॅलॉय व्हील', हे पाहावे. लोहचुंबक पोलादालाच चिकटतो. पोलादी चाक वाळूचा मारा सोसते. अ‍ॅलॉय चाकावर कॉस्टिक सोडा वापरल्यास रंगाबरोबर धातूही विरघळतो. ज्योतीने वा भट्टीत रंग जाळणे त्याहून घातक. कारखान्यात उष्णता-प्रक्रियेने धातूला दिलेली बळकटी त्यामुळे घटते आणि वरून काहीच दिसत नाही. अ‍ॅल्युमिनियमला चालणारा पेंट रिमूव्हर टायर काढून, मोकळ्या हवेत, हातमोजे व चष्मा घालून वापरावा. उघड्या धातूत तडा आढळल्यास चाक रंगवू नये, बदलावे. रंगाखाली झाकलेला तडा भरधाव वेगात जिवावर बेतू शकतो.