गोगलगाईच्या शंखाचा रंग कोण ठरवितो?

'गोगलगाय नि पोटात पाय' ही म्हण आपण माणसांच्या स्वभावासाठी वापरतो. परंतु ती शास्त्रालाही धरून आहे. या प्राण्याच्या पोटाखालचा मांसल भाग हाच त्याचा पाय होय. अशा या संथ, दुर्लक्षित जीवाने पाठीवरील शंखाच्या रंगापायी शास्त्रज्ञांना अनेक दशके कामाला लावले आहे, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

युरोपातील बागा, कुंपणे, कुरणे आणि रानांत 'सेपेआ नेमोरालिस' नावाची गोगलगाय सर्रास आढळते. तिचा शंख साधारण दोन सेंटिमीटर रुंदीचा असतो. जात एकच, पण कोणाचा शंख पिवळा, कोणाचा गुलाबी, तर कोणाचा तपकिरी. त्यातही काहींवर एक ते पाच गडद पट्टे असतात, तर काही अगदी बिनपट्ट्यांचे. हा रंग आईबापांकडून वारशाने मिळतो. तपकिरी रंग गुलाबीवर आणि गुलाबी रंग पिवळ्यावर प्रभावी ठरतो. येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात घ्यावी. गोगलगाय सरड्यासारखी रंग बदलीत नाही. जन्मतः मिळालेला रंग तिला मरेपर्यंत पुरतो. बदलते ते वस्तीतील निरनिराळ्या रंगांचे प्रमाण, आणि तेही पिढ्यान् पिढ्या.

मग हे प्रमाण ठरवितो कोण? या रंगांचा जगण्यामरण्याशी काही संबंध नाही, हा सारा योगायोगाचा खेळ आहे, असे पूर्वी अनेक अभ्यासकांचे मत होते. इंग्लंडमधील ऑक्सफर्डच्या आर्थर केन आणि फिलिप शेपर्ड या दोघांनी १९५० आणि १९५४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधांनी या मताला धक्का दिला. त्यांनी ठिकठिकाणच्या गोगलगाई गोळा करून रंगांची मोजदाद केली. वाळलेल्या पानांचा तपकिरी थर असलेल्या रानात गुलाबी, तपकिरी आणि बिनपट्ट्यांचे शंख अधिक निघाले. गवताळ जागी व कुंपणांत पिवळे आणि पट्टेदार अधिक निघाले. पिवळ्या शंखात जिवंत प्राणी असला म्हणजे तो किंचित हिरवट दिसतो व गवतात लपून जातो.

लपायचे कोणापासून? तर कस्तूर कुळातील एका गाणाऱ्या पक्ष्यापासून. हा पक्षी गोगलगाय चोचीत धरून ठरावीक दगडावर आपटतो आणि आतील मांस खातो. दगडाभोवती फुटक्या शंखांचा खच पडतो. मेलेल्यांचा हा हिशेब आपोआप शिल्लक राहत असल्याने, जिवंत गोगलगाईंशी त्याचा ताळा घालणे अभ्यासकांना शक्य झाले. जो रंग आसपासच्या जमिनीवर उठून दिसे, त्याच्यावर पक्ष्याची नजर अधिक जाई.

परंतु पक्षी हे एकमेव कारण नव्हे. दुसरे कारण ऊन. गडद शंख सूर्याची उष्णता अधिक शोषून घेतो, पिवळा ती बरीचशी परत फेकतो. थंड, सावलीच्या जागी लवकर ऊब मिळणे ही गडद शंखाची जमेची बाजू. रणरणत्या उन्हात तोच गुण नावे पडतो, कारण प्राणी आत तापून व सुकून मरू शकतो. म्हणूनच युरोपच्या दक्षिण भागात पिवळ्या शंखांचे प्रमाण सर्वसाधारणपणे अधिक आढळते.

एवढ्यानेही कोडे पुरते सुटले नाही. केन आणि करी यांनी १९६३ साली इंग्लंडमधील मार्लबरोच्या टेकड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेथे मोठमोठ्या पट्ट्यांत एकाच रंगाचे प्राबल्य दिसले. झाडी वा गवत यांच्याशी त्याचा मेळ बसेना. म्हणजे वस्त्यांचा पूर्वेतिहास आणि योगायोग यांनाही हिशेबातून वगळून चालत नाही.

हवामान तापू लागल्यावर या अभ्यासाला नवे महत्त्व आले. उष्णता वाढली तर पिवळे शंख वाढले पाहिजेत, असा तर्क होता. तो तपासण्यासाठी मुख्यतः २००९ साली युरोपातील १५ देशांत हजारो सामान्य नागरिकांनी गोगलगाई मोजल्या. सुमारे ३,००० वस्त्यांची ही नवी माहिती ६,५१५ वस्त्यांच्या जुन्या नोंदींशी ताडून पाहिली गेली. २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : युरोपभर पिवळ्या शंखांत सरसकट वाढ नाही! गोगलगाई सावलीत सरकून उन्हापासून आपला बचाव करीत असाव्यात, असे एक स्पष्टीकरण अभ्यासकांनी दिले. मात्र २०१९ साली नेदरलँडमध्ये लोकांनी मोबाईलवर काढलेल्या हजारो छायाचित्रांवरून निराळे चित्र पुढे आले. तापलेल्या शहरी भागांत गुलाबीपेक्षा पिवळा शंख आढळण्याची शक्यता अधिक होती.

यावरून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, कोणताही रंग मुळात श्रेष्ठ वा कनिष्ठ नसतो. रानात जो तारतो तोच कुरणात घात करतो. दुसरी, तर्क कितीही पटणारा असला तरी तो मोजून पाहावा लागतो. १५ देशांतील त्या नागरिकांजवळ प्रयोगशाळा नव्हती. शंखाचा रंग पाहायचा, पट्टे मोजायचे आणि जे दिसले तेच प्रामाणिकपणे लिहायचे, एवढेच त्यांनी केले. एवढ्याने एक प्रचलित तर्क कसाला लागला. आमच्या विद्यार्थ्यांनाही हे सहज जमण्यासारखे आहे.